तेर्नातेच्या नौकांना उशीर का झाला

गेल्या वर्षीच्या मैत्री-उत्सवात प्लास्टिकच्या एकोणतीस खुर्च्या मोडल्या, आणि पंचनाम्यात त्याचे कारण ‘इतिहास’ असे नोंदवले गेले.

तेर्नाते आणि तिदोरे ही दोन बेटे समोरासमोर उभी आहेत. स्पीडबोटीने दहा मिनिटे, आणि आठवणींच्या मार्गाने गेल्यास पाचशे वर्षे. दोघांच्याही डोक्यावर एकेक ज्वालामुखी आहे, दोघांच्याही अंगणात लवंग वाळते, आणि दोघांच्याही सुलतानांनी एकमेकांना समुद्रात बुडवण्याचे प्रयत्न पिढ्यान्‌पिढ्या अतिशय निष्ठेने केले. आता सुलतान सनदशीर झाले आहेत आणि लोक एकमेकांच्या बाजारात मासळी विकतात. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस सगळे सुरळीत असते. तीनशे पासष्टाव्या दिवशी मैत्री-उत्सव असतो.

त्या दिवशी एक ऐतिहासिक नाटक होते, आणि इतिहासाची अडचण अशी की त्यात कोणीतरी जिंकलेले असते.

उत्सव समितीच्या सचिव वाह्युनीबाई जावाहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. फायलींना निळ्या फिती बांधणाऱ्या, माणसांकडेही त्याच दृष्टीने पाहणाऱ्या. त्यांनी पंचनामा वाचला आणि सभेत शांतपणे विचारले, “घडलेल्या इतिहासावरून भांडणं होतात ना? मग यंदा न घडलेला इतिहास घ्या. जे झालंच नाही, त्यावर आक्षेप कोण घेणार?”

सभेने प्रसन्नपणे माना डोलावल्या. बाई या बेटांवर नवीन आहेत, हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आले नाही.

नाटक लिहिण्याचे काम इद्रुस गुरुजींकडे आले. एकतीस वर्षे ते तेर्नातेच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते, आणि एकतीस वर्षांत इतिहासाने त्यांचे मत एकदाही विचारले नव्हते. मुलांना सनावळ्या घोकायला लावताना त्यांना अनेकदा वाटे, की काळ म्हणजे ओहोटीनंतरची ओली वाळू. बोटाने एक रेघ ओढली तर पाणी दुसरीकडे वळेल. ती रेघ ओढायला आता सरकारी कागद आला होता. गुरुजींनी घरी येऊन तो कागद जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, मिठाच्या वाडग्याला टेकवून उभा केला.

त्यांच्या पत्नीने, रुगायाने, तो वाचला आणि भात वाढता वाढता विचारले, “उत्सव कितीला?”

“सतराला. रविवारी.”

“आणि हाजी तल्हा नुरसीनाला मागणी घालायला कधी येतायत?”

“एकोणीसला.”

“आणि तिदोरेच्या बाजूने समितीवर कोण आहे?”

गुरुजींनी माशाचा काटा काढण्यात पुष्कळ वेळ घालवला. तिदोरेच्या बाजूने समितीवर हाजी तल्हाच होते.

“मुलीच्या बापाने मागणीच्या दोन दिवस आधी जगाच्या इतिहासात ढवळाढवळ करू नये, एवढंच माझं म्हणणं,” रुगाया म्हणाली. “बाकी तुम्ही शिकलेले.”

नुरसीना इस्पितळात परिचारिका होती, वय सत्तावीस. हाजी तल्हांचा मुलगा रिझाल तिला स्पीडबोटीत भेटला होता. तो बोट चालवत होता आणि तिला उलटी होत होती, आणि अशा सुरुवातीतूनही प्रेम उगवते यावर गुरुजींचा विश्वास बसायला सहा महिने लागले. मुलगा सरळ होता. पण मागणी मुलगा घालत नाही. मागणी घालायला त्याच्या घरचे वडीलधारे पानाचा डबा घेऊन, बोटीतून, समारंभाने येतात. आणि वडीलधाऱ्यांचे मन दुखावले तर बोट निघत नाही. बोट निघाली नाही, की त्याचा अर्थ दोन्ही बेटांवर सकाळच्या चहाआधी पोहोचतो.

“बाबा, तुम्ही लिहा हो,” नुरसीना म्हणाली. “फक्त कुणाला मारू नका त्यात.”

गुरुजींनी विषय निवडला तो दोन्ही बेटांवर बोट धरून चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असलेला. पाचशे वर्षांपूर्वी काही पोर्तुगीज खलाशी जहाज फुटून दक्षिणेकडच्या एका बेटावर अडकले होते. त्यांच्याकडे बंदुका होत्या, आणि बंदुका असलेला पाहुणा शेजाऱ्याच्या घरी जाऊ नये असे दोन्ही सुलतानांना वाटले. त्यांना आणायला तेर्नातेहून नौका निघाल्या, तिदोरेहूनही निघाल्या. तेर्नातेच्या नौका आधी पोहोचल्या. त्यानंतर जे घडले, ते सगळे पाठ्यपुस्तकात आहे.

गुरुजींनी ठरवले: नाटकात तिदोरेच्या नौका आधी पोहोचतील. व्याह्यांचा मान राहील आणि तेर्नातेचे काही बिघडणार नाही, कारण तेर्नातेचे जे व्हायचे ते खऱ्या इतिहासात होऊन गेलेलेच आहे. आता फक्त एक लहानसे कारण हवे होते. तेर्नातेच्या नौकांना उशीर का झाला?

पहिल्या मसुद्यात सुकाणू धरणाऱ्याला डुलकी लागली.

हा मसुदा गुरुजींनी ओसरीत बसून स्वतःशीच मोठ्याने वाचला, कारण नाटकाची भाषा कानाला तपासावी लागते. ओसरीची भिंत विटेच्या जाडीची नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे बहारदादा दारात उभे होते. बंदरातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, आणि समितीवर तेर्नातेच्या बाजूचे अध्यक्ष. अंगात इस्त्रीचा सदरा होता. बहारदादा इस्त्रीचा सदरा फक्त ईदला आणि भांडायला घालत.

“गुरुजी, आमचं कूळ कुठलं, ठाऊक आहे ना?”

गुरुजींना ठाऊक होते. सुलतानाच्या नौकेवर प्रत्येक कामाला एक कूळ नेमलेले असे. एकाचे सुकाणू, एकाचा ढोल, एकाची शिधासामग्री, एकाची प्रार्थना. नौका कुजून गेल्या, सुलतानाची फौज गेली. कामे मात्र आडनावांत बसून राहिली. बहारदादांना आयुष्यात कधी होडी नीट वळवता आली नव्हती, आणि त्यांचे कूळ सुकाणूचे होते.

“आमचा माणूस झोपला?” बहारदादांनी अत्यंत सौम्यपणे विचारले. “भर समुद्रात? सुलतानाच्या कामावर?”

“दादा, हे घडलेलंच नाही. हे काल्पनिक आहे.”

“काल्पनिक झोप का होईना, आमच्याच माणसाला का? दुसरं कूळ नव्हतं झोपायला?”

गुरुजींनी डुलकी खोडली. दुसऱ्या मसुद्यात ढोल फुटला. ताल गेला, वल्ही विस्कटली, वेग मंदावला. प्रसंग सुंदर उतरला होता. ‘फुटलेल्या ढोलाच्या पोकळीतून समुद्र बोलू लागला’ असे एक वाक्य त्यात होते, जे गुरुजींनी तीन वेळा वाचून पाहिले. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला तळलेली केळी विकणाऱ्या हाब्सामावशी केळ्यांची पुडी घेऊन आल्या. मावशी फुकट पुडी घेऊन आल्या म्हणजे काहीतरी गंभीर असते.

“खा, गुरुजी, गरम आहेत. आमच्या ह्यांचं कूळ ढोलाचं.”

“मावशी, फुटतो तो ढोल. माणूस नाही.”

“कातडं कोणी ताणलं होतं मग? आपोआप ताणलं गेलं?” मावशींनी चटणीची पुडी सोडून त्यांच्यापुढे ठेवली. “आमचे सासरे वारले तेव्हासुद्धा त्यांच्या ढोलाचं कातडं इतकं ताठ होतं, की पालीने उडी मारली तरी आवाज यायचा. तुम्ही लिहा काय लिहायचं ते. मी काही बोलत नाही. मी फक्त केळी द्यायला आले.”

एक चूक लिहायला गेले की तिला वारस निघत होते. सांडलेल्या लाह्यांकडे कोंबड्या धावाव्यात तसे नातू-पणतू कुठून कुठून गोळा होत. इतिहासाने या बेटांवर कोणाचे काही ठेवले नव्हते, पण प्रत्येकाजवळ एक निर्दोष पूर्वज ठेवला होता.

तिसऱ्या मसुद्यात शिध्याला बुरशी लागून वल्हेकऱ्यांची पोटे बिघडली. शिध्याचे कूळ या गल्लीत कोणाचेच नाही, याची गुरुजींनी मनातल्या मनात दोनदा खात्री करून घेतली होती. दुपारी जेवायला बसले तेव्हा ताटात सागूची एक भाकरी होती. सागूची भाकरी कौलाइतकी कडक असते. ती रश्शात बुडवून खायची असते. रस्सा नव्हता. मासा नव्हता. पाण्याचा पेलाही जरा लांबच ठेवलेला होता.

“माझ्या आईचं माहेर शिध्याच्या कुळातलं,” रुगाया स्वयंपाकघरातून म्हणाली. “तीस वर्षं जेवताय. एकदा तरी पोट बिघडलं?”

गुरुजींनी भाकरीचा एक तुकडा तोंडात धरून तो मऊ होईपर्यंत चौथ्या मसुद्याचा विचार केला. माणूस नकोच, वस्तूही नको. वारा घ्यावा. वाऱ्याला कूळ नसते. वारा पडला, समुद्र आरशासारखा निपचित झाला, आणि तेर्नातेच्या नौका त्या आरशावर माशीसारख्या चिकटून राहिल्या. बहारदादांना वारा चालला. मावशींना चालला. त्या संध्याकाळी ताटात मासाही परतला. गुरुजी मसुदा घेऊन वॉर्ड कचेरीत गेले, कारण वाह्युनीबाईंच्या निळ्या फितीत एक अट होती: नाटकातला प्रसंग प्रत्यक्षात घडलेला नाही, असा दाखला जोडावा.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज हातात घेतला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला.

“हे घडलं कधी, गुरुजी?”

“घडलं नाही.”

“तेच. तारखेचा रकाना आहे. कधी घडलं नाही?”

“पाचशे वर्षांपूर्वी.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतरही नाही.”

“म्हणजे अजूनही चालू आहे,” कारकुनाने समजुतीने मान हलवली आणि रकान्यात ‘अद्याप’ असे लिहिले. “दोन साक्षीदार लागतील. प्रसंग घडला नाही त्या वेळी हजर असलेले.”

गुरुजी गल्लीत साक्षीदार शोधायला निघाले. शेवटी हाब्सामावशींनी अंगठा दिला. आपण जन्मापासून इथेच आहोत आणि आपल्या डोळ्यांदेखत असे काही झालेले नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. दुसरी साक्ष खुद्द कारकुनाच्या मेव्हण्याने, आपण सहसा घरीच असतो या आधारावर दिली. शिक्का मारता मारता कारकून थांबला.

“वारा आहे यात. वारा आमच्याकडे येत नाही. मशिदीतून लिहून आणा.”

इमामसाहेबांनी मसुदा फार आदराने वाचला. ते मृदू माणूस होते; पडवीत कोंबडी आली तरी ‘बाजूला व्हा’ म्हणत.

“गुरुजी, वारा पडला असं तुम्ही लिहिता.”

“होय.”

“तेर्नातेच्या बाजूचा पडला. तिदोरेच्या बाजूचा चालू राहिला.”

“होय.”

“कोणाच्या आज्ञेने?”

गुरुजी मसुदा घेऊन परत निघाले. रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंग वाळत होती आणि तिच्या वासाने दुपार जड झाली होती. समुद्रापलीकडे तिदोरे स्वच्छ, निळे, हात लांब केला तर लागेल असे उभे होते. उत्सवाला सहा दिवस उरले होते. त्यांना एकाएकी फार एकटे वाटले. आणि त्या एकटेपणातच, कोणालाही न दुखावणारा एकमेव माणूस त्यांना सापडला. तो म्हणजे ते स्वतः.

गुरुजींचे कूळ नौकेवरही नव्हते. ते धक्क्यावरचा दोर सोडणाऱ्यांचे कूळ. नौका निघताना दोर सोडायचा, परतल्यावर बांधायचा, आणि मधल्या काळात इतिहासातून बाहेर राहायचे. या कुळाची शहरात तीनच घरे होती आणि त्यांतली दोन गुरुजींशी बोलत नव्हती. पाचव्या मसुद्यात गुरुजींच्या पूर्वजाने दोराला अशी गाठ मारली, की ती सुटेना. सुलतानाच्या नौका, शंभर वल्हेकरी, ढोल, शिधा, निशाणे, सगळे धक्क्याला बांधलेले. आणि एक माणूस गुडघ्यांवर बसून दातांनी गाठ सोडवतो आहे.

लिहिताना गुरुजींचे डोळे थोडे भरून आले. तो माणूस त्यांना दिसला. पाठीवर पांढरी लवंगफुले पडलेली, तोंडात काथ्याची खारट चव, आणि मागे शंभर माणसांचे मौन. बहारदादांना मसुदा अतिशय आवडला. “आता कसं, नेमकं माणसावर बोट ठेवलंत,” ते म्हणाले, आणि गल्लीत सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर खडूने एक मोठी गाठ काढलेली होती. पाचवीतल्या एका मुलीने बुटाची नाडी पुढे करून विचारले, “गुरुजी, सोडाल का, की तुम्हाला जमत नाही?” गुरुजींनी ती सोडली; दोन प्रयत्न लागले, आणि वर्गाने ते मोजले.

मान गेला तर गेला, मुलीची बोट निघाली पाहिजे, असे म्हणत गुरुजी हाजी तल्हांची सही घ्यायला तिदोरेला गेले. हाजी आयुष्यभर होड्या बांधत आलेले, रुंद मनगटांचे, हळू बोलणारे. त्यांनी आल्याचा गरम गुराका आणि बदाम पुढे ठेवले, चष्मा लावला, आणि मसुदा शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“म्हणजे तुमची गाठ सुटली नाही, म्हणून आम्ही पोहोचलो?”

“तसं म्हणजे… आधी पोहोचलात.”

“तेर्नातेवाले बांधलेले होते, म्हणून.” हाजींनी कागद टेबलावर ठेवून त्यावर बदामाची वाटी ठेवली. “गुरुजी, बांधलेल्या माणसाशी शर्यत जिंकली, असं माझ्या नातवंडांना दाखवू? तिदोरेची वल्ही जोरात चालली म्हणून जिंकलो, असं लिहा. आत्ता सही करतो.”

“तसं लिहिलं तर तेर्नातेत खुर्च्या मोडतील.”

“आणि हे केलंत तर तिदोरेत.”

“हाजीसाहेब, मी माझ्या स्वतःच्या पूर्वजाला…”

“तेच म्हणतो मी. दुसऱ्याची चूक उचलून घरी न्यायची सवय आमच्या घराला नाही.” हाजी उठले. “शुक्रवारी सभा आहे ना, तिथे बोलू. सही आज नाही. आणि एकोणीसचं पण… सभेनंतर बघू.”

परतीच्या स्पीडबोटीत रिझाल चालवायला होता. उतरताना गुरुजींचा हात धरून त्याने त्यांना धक्क्यावर चढवले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात धरून ठेवला, आणि गुरुजींना सगळे समजले.

घरी नुरसीनाने त्यांचा चेहरा पाहिला. ती इस्पितळाचा पांढरा गणवेश इस्त्री करत होती. एकच बाही तिने चार वेळा केली.

शुक्रवारी सकाळी नऊला शाळेच्या सभागृहात सभा भरली. एका बाजूला बहारदादा, इस्त्रीच्या सदऱ्यात. दुसऱ्या बाजूला हाजी तल्हा. मध्ये वाह्युनीबाई, निळी फीत, आणि घड्याळ. साडेअकराच्या आत दोघांच्या सह्या वॉर्ड कचेरीत पोहोचायला हव्या होत्या. त्यानंतर कारकून नमाजाला जाणार आणि खिडकी सोमवारी उघडणार. नाटक रविवारी होते.

“चूक तेर्नातेची दाखवायची नाही,” बहारदादा म्हणाले.

“चुकीशिवाय आम्ही आधी पोहोचलो, असं दाखवा,” हाजी म्हणाले.

“म्हणजे आम्ही हळू होतो?”

“तुम्ही हळू होता असं मी म्हणत नाही. आम्ही जलद होतो असं म्हणतो.”

“तेच झालं ना.”

सव्वादहापर्यंत हे असे चालले. वाह्युनीबाईंनी दोनदा पेन उघडून मिटले. गुरुजी खाली मान घालून बसले होते. त्यांना वाटत होते, की पाच मसुद्यांच्या कागदांतून एक बोट बांधली असती तर बरे, निदान ती बुडताना दिसली असती.

“सुकाणूवर कोणी झोपत नाही,” हाजी टेबलावर हात आपटून म्हणाले. “माझ्या आजीचा भाऊ तुमच्याच तेर्नातेच्या धक्क्यावर चाळीस वर्षं होडी चालवत होता. डाव्या हाताला चारच बोटं, पण डोळा म्हणून कधी लागला नाही त्याचा.”

बहारदादांचा हात हवेत थांबला. “चार बोटं?”

“चार.”

“काबिर?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“अहो, काबिरआजोबा माझ्या थोरल्या मावशीचे दीर. त्यांच्याच होडीत मी पोहायला शिकलो. म्हणजे, पडलो होतो.” बहारदादांनी खुर्ची पुढे ओढली. “मग तुमची आजी म्हणजे ती जायफळाच्या बागेपाशी राहायची, नाकात मोठी चमकी, ती?”

“तीच. तुम्ही आला होता घरी?”

“तुमच्या घरच्या सलमाच्या लग्नाला आलो होतो. सत्तर साली. मला मासा मिळाला नव्हता.”

हाजी तल्हा बहारदादांकडे बारीक डोळे करून पाहत राहिले. “पायरीवर रुसून बसलेला तेर्नातेचा पोरगा… तो तुम्ही?”

“मीच तो.”

“वाढायला मी होतो. मासा संपला होता हो. मी स्वतः नुसता भात जेवलो त्या दिवशी.”

“मग सांगायचं होतं ना तेव्हाच,” बहारदादा म्हणाले. “पन्नास वर्षं मी मनात धरून बसलोय.”

मग सलमाला किती मुले, त्यातला थोरला कुठे, त्याची बायको कोणाच्या घरची, ती हाब्सामावशींच्या नणंदेची भाची कशी, हे सगळे निघाले. वाह्युनीबाईंनी एकदा घड्याळाकडे बोट दाखवले. दोघांनीही त्यांच्याकडे प्रेमाने पाहिले, आणि हाजींनी त्यांना त्यांचे आजोळ कुठले ते विचारले. बाईंनी सांगितले. त्यावरही दहा मिनिटे गेली. समोर कागद तसाच पडून राहिला, पंख्याच्या वाऱ्याने एक कोपरा वर करत, पुन्हा खाली ठेवत. बाहेरून अजान ऐकू आली तेव्हा बारा वाजून गेले होते. वॉर्ड कचेरीची खिडकी केव्हाच बंद झाली होती.

गुरुजींनी मान वर केली. एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसलेली ती दोन म्हातारी माणसे त्यांनी पाहिली, आणि त्यांना दुसरेच काही दिसले. पाचशे वर्षे मागे एक सकाळ होती. समुद्र नितळ होता. दोन बेटांच्या नौका, सुलतानांचे तातडीचे काम घेऊन, एकमेकींच्या बाजूने निघाल्या होत्या, आणि एका वल्हेकऱ्याने दुसऱ्याला ओळखले होते.

त्यांनी सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहावा मसुदा लिहिला. तो अर्ध्या पानाचा होता. भर समुद्रात दोन्ही नौका समोरासमोर येतात. ‘कुठे निघालात?’ असे एक विचारतो. वल्ही थांबतात, पानाचे डबे उघडतात, घरची चौकशी सुरू होते. ऊन चढते, उतरते. दक्षिणेकडच्या बेटावर परके लोक वाट पाहून कंटाळतात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी जहाजातून निघून जातात.

दोघांनी तो कागद एकत्र धरून वाचला.

“हे आक्षेप घेण्यासारखं नाही,” हाजी म्हणाले.

“आमच्याही बाजूने नाही,” बहारदादा म्हणाले. “फक्त चौकशी आधी आमच्या सुकाणूवाल्याने केली, असं लिहा.”

“का बरं? आमच्या माणसांना रीतभात नव्हती?”

दोघांनी एकाच श्वासात विचारावे, असे ठरले. वाह्युनीबाईंनी पर्समधून शिक्का काढला, तो कागदावर स्वतःच मारला, आणि वर कळवायचे ते मी कळवीन, असे म्हणाल्या. हाजी निघताना गुरुजींना फक्त “रविवारी भेटू” म्हणाले. मंगळवारच्या मागणीचे काहीच बोलले नाहीत. गुरुजींनी ते घरी सांगितले तेव्हा नुरसीना म्हणाली, “नाही पण म्हणाले नाहीत ना,” आणि आतल्या खोलीत गेली.

रविवारी सकाळी दहाला बंदराजवळच्या मैदानात मंच उभा होता. बांबू आणि रंगवलेल्या कापडाच्या दोन नौका. त्यांत दोन्ही बेटांचे दहा-दहा खरे होडीवाले, कारण वल्हे धरण्याचा अभिनय खोटा दिसतो असे बहारदादांचे मत पडले होते. मंचाच्या टोकाला, पत्र्याच्या एका पिंपाजवळ, पोर्तुगीज. एक शाळेचे कवायतीचे मास्तर, दुसरा औषधाच्या दुकानातला. दोघांनी तोंडाला तांदळाचे पीठ फासले होते आणि उन्हात ते भेगाळत होते. गुरुजी कमरेला दोर बांधून मंचावरच्या धक्क्यावर उभे होते. तेवढा एक मूक प्रवेश त्यांनी आपल्या पूर्वजासाठी ठेवला होता. दोर सोडला. एका झटक्यात सुटला. गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली, बहुधा पाचवीतलेच.

नौका समोरासमोर आल्या. “कुठे निघालात?” वीस कंठांनी एकदम विचारले. हा प्रवेश तीन मिनिटांचा होता.

तिसऱ्या मिनिटाला तेर्नातेच्या चौथ्या वल्हेकऱ्याने, लिहिलेले बाजूला ठेवून, तिदोरेच्या सहाव्याला विचारले, “तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं रे?” तिची शस्त्रक्रिया झाली होती. ती नीट झाली होती का, कोणी केली, किती दिवस झोपून होती, हे सगळ्यांनाच हवे होते. दहाव्या मिनिटाला वल्ही खाली ठेवली गेली. पंधराव्या मिनिटाला प्रेक्षकांतून सूचना यायला लागल्या. विसाव्या मिनिटाला सलमाच्या थोरल्याचे नाव कोणीतरी चुकीचे सांगितले, आणि पहिल्या रांगेतून हाजी तल्हा उठले.

“चुकीचं आहे ते,” म्हणत ते मंचावर चढले, चूक दुरुस्त केली, आणि आलोच आहोत म्हणून तिदोरेच्या नौकेत बसले. बसल्यावर त्यांचा हात नाटकातल्या पानाच्या डब्यावर पडला. त्यांनी तो उघडून पाहिला. आत खरी पाने होती. रुगायाने भरून दिली होती. हाजींनी डब्याकडे पाहिले, पाठीमागच्या दहा वल्हेकऱ्यांकडे पाहिले, ज्या बांबूच्या नौकेत बसले होते तिच्याकडे पाहिले, आणि समोर कमरेला दोर बांधून उभ्या असलेल्या गुरुजींकडे पाहिले.

“गुरुजी,” ते म्हणाले, “बोट आहे, माणसं आहेत, डबा आहे. मंगळवारपर्यंत थांबायला मला काही कारण दिसत नाही. तुमच्या घरी मुलगी आहे म्हणे.”

कापडाच्या समुद्रावर वारा सुरकुत्या पाडत होता. गुरुजींनी या क्षणासाठी महिनाभर एक वाक्य बांधले होते, चार ओळींचे, जुन्या वळणाचे. त्यातले एकही अक्षर आता हाती लागेना. हातात फक्त दोराचे टोक होते.

“नुसते उभे काय राहिलात?” रुगाया दुसऱ्या रांगेतून म्हणाली. “पाहुण्यांना बसा म्हणा.”

“ते बसलेलेच आहेत,” गुरुजी कसेबसे म्हणाले.

“बाबा, हो म्हणा,” तिच्या शेजारून नुरसीना उठून उभी राहिली. ती पांढऱ्या गणवेशातच आली होती. “माझी दोनची ड्यूटी आहे.”

गुरुजी हो म्हणाले. ते फार हळू म्हणाले, पण दोन्ही नौकांना ऐकू गेले. हाजींनी डबा पुढे केला, बहारदादा मंचावर चढले, हाब्सामावशी चढल्या, आणि कोण कोणाचे आता नव्याने कोण लागणार, याची मांडणी अगदी पहिल्यापासून सुरू झाली.

मंचाच्या टोकाला कवायतीच्या मास्तरांनी दोन पावले पुढे येऊन विचारले, “गुरुजी, आम्हाला न्यायला कोणी येतंय का?”

त्यांचे कोणी ऐकले नाही. त्यांनी पुन्हा एकदा विचारले. मग औषधवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनी रुमालाने तोंडावरचे पीठ पुसले, पिसांच्या टोप्या पत्र्याच्या पिंपावर उपड्या घातल्या, मागच्या शिडीने खाली उतरले, आणि पोर्तुगालचा सारा लवंगांचा व्यापार गुराक्याच्या टपरीकडे निघून गेला.